आधी गोठा, मग घर

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात पूर आला की दोनच वाद ऐकू येतात. पाणी चढत असताना अलमट्टी धरणाचे दरवाजे किती उघडले याचा, आणि ओसरल्यावर मदत किती मिळाली याचा. पहिल्या वादात गुन्हेगार शोधला जातो, दुसऱ्यात भरपाई. मधल्या काळात बोटी, जवान, जेवणाची पाकिटं आणि छपरावरून हात हलवणारी माणसं असतात. ती चित्रं आठवडाभर टीव्हीवर चालतात आणि पाण्याबरोबरच ओसरतात. पूर म्हणजे आठ दिवसांचं संकट, त्याला जबाबदार कुणीतरी लांबचा, आणि त्यावर इलाज म्हणजे बचाव आणि मदत, अशी समजूत त्यातून पक्की होत जाते.

ही समजूत उथळ आहे. संथ नदीच्या खोऱ्यात पुराचं नुकसान किती व्हायचं हे पाण्याच्या उंचीवर जितकं अवलंबून असतं, तितकंच माणसांनी कोणती गोष्ट आधी केली आणि कोणती नंतर, यावरही असतं. क्रम चुकला की कमी पाणीसुद्धा जास्त घेऊन जातं. आणि हा क्रम पाणी उंबऱ्याला लागल्यावर ठरवता येत नाही. तो उन्हाळ्यात, डोकं शांत असताना ठरवावा लागतो. ओसरल्यानंतरची गोष्टही तीच. पुढच्या दोन महिन्यांत घाईनं केलेली कामं पुराइतकंच नुकसान करतात, फक्त ते नुकसान पंचनाम्यात येत नाही.

हे म्हणणं मी पायरीपायरीनं मांडतो. त्याला एक मर्यादा आधीच घालून घेतो. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीनं जे केलं ते या विवेचनात बसत नाही. सह्याद्रीच्या कड्यावरून उतरणारं पाणी काही तासांत शहरात शिरतं, खाडीला भरती असली तर तिथंच कोंडतं. अशा ठिकाणी क्रमात एकच गोष्ट उरते: माणसांनी वर जायचं, बाकी सगळं सोडायचं. माझं म्हणणं घाटाच्या पूर्वेकडच्या नद्यांबद्दल आहे.

सांगून येणारी नदी

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेसाठी हेच आकडे ३९ आणि ४३ आहेत. जुलै उजाडला की या भागातली पोरंसोरंही हे आकडे घडाघडा सांगतात. कोयनेतून पाणी सोडलं तर ते सांगलीत पोचायला एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. कोल्हापुरात सुतारवाड्यात पाणी शिरलं की उरलेल्या शहराला आपली पाळी केव्हा येईल याचा अंदाज बांधता येतो. ४० आणि ४५ यांच्या मधले पाच फूट आपण पाण्याचं माप म्हणून वाचतो. ते खरं तर वेळेचं माप आहे, आणि तो वेळ बहुतेक घरांमध्ये ‘बघू, किती वाढतंय’ म्हणण्यात जातो.

ही नदी चढायला वेळ घेते आणि उतरायला त्याहून जास्त. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेला पुढे जायला जागा नसते आणि ती मागे फुगते. पुढचा उतारही अगदी कमी. म्हणून शिरोळ तालुक्यातली गावं आठ-आठ दिवस पाण्यात राहतात. इथला पूर वाहून नेतो कमी आणि भिजवत ठेवतो जास्त. धान्य, भिंती, उसाचा पोंगा, म्हशीचे खूर या सगळ्यांचं नुकसान भिजत राहण्यानं होतं. तयारीचा विचार करताना म्हणूनच ‘पाणी किती वर येईल’ या प्रश्नाच्या जोडीला ‘किती दिवस राहील’ हा प्रश्न विचारायला हवा. तो सहसा कुणी विचारत नाही.

अलमट्टीचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. २०१० च्या कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यानं कर्नाटकाला त्या धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा दिली, आणि त्याची धास्ती सांगली-कोल्हापूरला वाटणं साहजिक आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, आणि ते इथल्या अनेकांना आजही पटलेलं नाही. वाद जरूर चालावा. पण त्याचा निकाल कुठल्याही बाजूनं लागला तरी कुरुंदवाडच्या गोठ्यातली म्हैस त्या निकालानं बाहेर निघणार नाही. वादाची खरी अडचण वेगळीच आहे. नुकसानीची सगळी कारणं वरच्या किंवा खालच्या धरणात सापडली की घराच्या आणि गावाच्या हातात काही होतं, हा विचारच बंद पडतो.

भिंतीवरची खूण

२००५ च्या पुरानंतर सांगलीत आणि नदीकाठच्या गावांत लोकांनी भिंतींवर खुणा केल्या. पाणी इथवर आलं होतं. ही खूण जपणं चांगलंच. पण पुढच्या चौदा वर्षांत तिचा अर्थ हळूहळू बदलला. ‘इथवर आलं होतं’ याचं ‘इथवरच येतं’ झालं. लोकांनी त्या खुणेच्या हातभर वर फळ्या ठोकल्या, दुकानांचे ओटे त्या हिशेबानं बांधले, मीटरच्या पेट्या त्या हिशेबानं चढवल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, २००५ पेक्षा जवळजवळ चार फूट अधिक. ज्यांनी काहीच तयारी केली नव्हती ते घाबरून लवकर निघाले. ज्यांनी खुणेप्रमाणे तयारी केली होती त्यांतले बरेच निर्धास्त बसले आणि सामानासकट अडकले.

दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, कोल्हापुरात पंचगंगेनं २०१९ ची पातळी गाठली आणि थोडी ओलांडलीही, तीही अधिक वेगानं चढून. म्हणजे एका पुरानं उंचीचा अंदाज खोटा पाडला आणि दुसऱ्यानं वेळेचा.

यातून निघणारा निष्कर्ष ‘खूण आणखी वर करा’ असा काढला जातो. तो पुरेसा नाही. एका उंचीवर भरवसा ठेवणारी कुठलीही तयारी त्या उंचीपर्यंतच उपयोगी असते आणि तिच्या वर उलट धोका वाढवते, कारण ती माणसाला घरात थांबवून ठेवते. तयारी उंचीला न बांधता पायऱ्यांना बांधायला हवी. इतकं पाणी झालं की हे, आणखी इतकं झालं की ते, आणि अमुक पातळीला चर्चा न करता बाहेर. पहिल्या पायऱ्या सामानाच्या असतील. शेवटची पायरी माणसांची असेल, आणि ती मागच्या पुराच्या खुणेच्या बरीच खाली ठेवावी लागेल.

अशी पायऱ्यांची शिस्त या खोऱ्याला नवी नाही. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात नदीचं पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडू लागलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक स्नानाला धावतात. पाणी त्याहून वाढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. कोणत्या पाण्याला काय करायचं हे ठरलेलं असतं, त्यासाठी त्या दिवशी बैठक बसत नाही आणि कोयनेचा विसर्ग किती याची कुणी वाट बघत नाही. देवाला जी शिस्त आपण शेकडो वर्षं लावली ती भक्तांच्या घरात आली नाही, हे नवल आहे.

माणूस का निघत नाही

प्रशासनाची नेहमीची तक्रार असते की लोक वेळेवर घर सोडत नाहीत. त्यामागं चोरीची भीती, हट्ट किंवा अडाणीपणा असल्याचं शहरी माणूस गृहीत धरतो. चोरीची भीती असतेच. पण नदीकाठच्या गावात घरटी निदान एक कर्ता माणूस मागे राहतो त्याचं कारण बहुतेक वेळा गोठ्यात असतं. दावणीला चार म्हशी असताना निवारा शाळेत जाऊन सतरंजीवर बसा, हे सांगणं व्यर्थ आहे. दूध रोजचं उत्पन्न आहे, संघाचं बिल दहा दिवसांनी हातात येतं, उसाचं वर्षानं. घरखर्च म्हशीवर चालतो. आपत्ती निवारणाच्या निकषांनुसार दुभतं मोठं जनावर दगावलं तर ३७,५०० रुपये मिळतात. बाजारात चांगली दुभती म्हैस लाखाच्या घरात जाते, आणि पैसे मिळायला मेलेलं जनावर दाखवावं लागतं. वाहून गेलेलं दाखवणार कसं?

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये बोट उलटली आणि अनेक माणसं बुडाली. त्या बोटीबद्दल जे बोललं गेलं ते तिच्या क्षमतेबद्दल आणि जास्त बसलेल्या माणसांबद्दल. ते योग्यच होतं. पण एका बोटीत इतकी माणसं कोंबावी लागतात ती वेळ शेवटची असते. सगळे एकाच वेळी निघायला तयार होतात, कारण आधी कुणीच निघालेलं नसतं. बोटी वाढवणं हा त्याच्यावरचा उशिरा सुचलेला इलाज आहे. आधीचा इलाज जनावरं लवकर हलवणं.

म्हणून पहिली पायरी गोठ्याची. इशारा पातळीच्याही आधी, रस्ता कोरडा असताना, जनावरं चालत जाऊ शकतील तेव्हा. पाणंदीत पाणी आलं की म्हैस चालवणं अवघड होतं, वासरू तर उचलूनच न्यावं लागतं. त्यासाठी छावणीची जागा मे महिन्यातच ठरलेली असली पाहिजे, तिथं पाण्याची टाकी आणि वैरण असली पाहिजे. वैरण हा यातला अवघड भाग. पूर आठ दिवस राहिला तर हिरवा चारा बुडालेला, कडब्याची गंजी भिजलेली. मूरघास पिशव्यांत भरून उंचावर ठेवला तर निदान पहिले काही दिवस निभतात. घटसर्प आणि फऱ्याची लस मेअखेर टोचून घ्यायची, कारण टोचल्यावर अंगात प्रतिकार तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात. पुरात किंवा पुरानंतर टोचलेली लस त्या पुरासाठी उशिराची ठरते. आणि हे काहीच जमलं नाही तर निदान दावी कापायची. बांधलेलं जनावर पोहू शकत नाही.

गोठा रिकामा झाला की घर आपोआप रिकामं होतं. हे सोपं सूत्र आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यांत मला ठळकपणे कुठं दिसत नाही. तिथं माणसांचं स्थलांतर आधी आणि पशुधन पुढच्या प्रकरणात असतं.

घर रिकामं करताना

घराबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण बहुतेकांना ते ठाऊक असतं. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, सोनं अंगावर किंवा बँकेत, धान्य माळ्यावर, गॅसची टाकी बंद करून दोरीनं बांधलेली, मेन स्विच खाली. चुकतं ते क्रमात. घर सोडताना माणसं सर्वांत जड आणि सर्वांत महाग वस्तूपासून सुरुवात करतात. फ्रिज माळ्यावर चढवण्यात चार माणसांचा दीड तास जातो आणि तोवर बियाण्याची पोती, जमिनीचे कागद, म्हाताऱ्या आईची औषधं खालीच राहतात. फ्रिज पुन्हा घेता येतो. पेरणीच्या वेळी घरचं बियाणं बाजारात मिळत नाही.

शेतातलं सामान मात्र लोक खरंच शिस्तीनं हलवतात. नदीकाठच्या मोटारी आणि स्टार्टरच्या पेट्या पावसाच्या तोंडावर काढून वर नेण्याची पद्धत इथं जुनी आहे. एका मोटारीच्या दुरुस्तीचं बिल एकदा भरलेला माणूस ते विसरत नाही. म्हणजे क्रम पाळणं आपल्याला जमत नाही असं नाही. जिथं नुकसानीचा आकडा हातात बिल म्हणून येतो तिथं जमतं.

पाणी उतरताना

पूर ओसरू लागला की सुटकेचा निःश्वास सोडण्याची घाई होते, आणि चुकांचा दुसरा हंगाम इथं सुरू होतो.

मातीच्या भिंती पाण्यात असताना बऱ्याचदा उभ्या राहतात, कारण बाहेरचं पाणी त्यांना आधार देत असतं. पाणी उतरलं की आतून भिजलेली, जड झालेली भिंत आधाराविना उभी राहते आणि एक-दोन दिवसांत, कधी ऊन पडल्यावर, बसते. जुन्या पांढऱ्या मातीच्या घरांत म्हणूनच पाणी गेल्यावरची पहिली रात्र काढू नये. गावातलं अनुभवी माणूस हे सांगतं, तरी लोक जातात, कारण निवारा शाळेतून सामान घेऊन बाहेर पडा असा निरोप आलेला असतो. निवारे बंद करण्याची तारीख पाण्याच्या पातळीवरून न ठरता भिंती तपासून ठरायला हवी.

दुसरा प्रश्न गाळाचा. ओला गाळ पाण्याच्या जोरावर बाहेर काढता येतो, वाळला की तो टिकावानं फोडावा लागतो. जुनी माणसं म्हणूनच उतरणाऱ्या पाण्याबरोबर घर धुवत येतात. पण घर धुतलं तर पंचनाम्याला पुरावा राहत नाही, आणि पंचनामा तर तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांच्या सवडीनं व्हायचा. इथं माणूस खऱ्या पेचात सापडतो. कित्येक घरं पंचनाम्याची वाट बघत गाळात पडून राहिली आहेत, आणि त्या गाळानं फरशी, दारं, लाकूड यांचं जे नुकसान केलं ते पुराच्या खात्यात जमाच होत नाही. यावरचा उपाय सोपा आहे. घरमालकानं स्वतः मोबाइलवर काढलेले, तारीख-ठिकाण नोंदलेले फोटो आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या प्राथमिक पुरावा म्हणून चालतील, असा निर्णय पावसाळ्याआधी जाहीर करावा. पुरानंतर जाहीर केला तर तोवर लोक एकतर धुऊन बसलेले असतात किंवा वाट बघत बसलेले.

वीज, विहीर, भिंतीचा गिलावा या तिन्ही गोष्टींना एकच नियम लावता येतो: ओलं असताना बंद करू नका आणि चालूही करू नका. ओल्या भिंतीला रंग दिला की ओल आत कोंडते आणि वर्षभर लोणा फुटत राहतो. भिजलेलं वायरिंग वायरमननं तपासल्याशिवाय मेन चढवला की जीव जातो. विहीर आधी उपसायची, मग ब्लीचिंग पावडर टाकायची, आणि तरीही काही दिवस पाणी उकळून प्यायचं. अनवाणी चिखल तुडवणाऱ्यांना लेप्टोची लागण होऊ शकते, तेव्हा ताप आला की अंगावर काढू नये.

वाफशाची वाट

शेतात घाई आणखी महाग पडते. पाणी उतरलं की शेतकरी आधी बांधावर जातो आणि मग पिकात शिरतो. पिकात शिरू नये. वाफसा येईपर्यंत ओल्या काळ्या रानात माणूस, बैल, ट्रॅक्टर काहीही गेलं की माती दाबली जाते, तिच्यातली हवा जाते, आणि आधीच गुदमरलेली मुळं कायमची जातात. त्या दिवसांत करायचं काम एकच: चर काढून साचलेलं पाणी बाहेर घालवणं. खत, फवारणी, आंतरमशागत यांची पाळी नंतर. पण खत-औषधाच्या दुकानदाराचा फोन चराच्या आधी येतो, हेही सगळ्यांना माहीत आहे.

उसाचं गणित थोडं तपशिलात बघण्यासारखं आहे, कारण या खोऱ्यात पूर म्हणजे बहुतांशी बुडालेला ऊस. शेंडा पाण्याबाहेर राहिला तर ऊस बरेच दिवस तग धरतो. शेंडा बुडाला, पोंग्यात गाळ बसला की वाढीचा कोंब कुजतो, कांडीला पांगशा फुटतात, साखर उतारा घसरतो आणि वजनही. बाहेरून हिरवा दिसणारा असा ऊस आतून दिवसेंदिवस हलका होत असतो. म्हणून त्याला फवारण्या मारून वाचवण्यापेक्षा त्याची तोड लवकर व्हावी यात जास्त पैसा आहे. हे शेतकऱ्याच्या एकट्याच्या हातात नाही. कारखान्याचा तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखेनुसार आणि, खरं बोलायचं तर, वजनानुसार ठरतो. बुडालेल्या उसाला हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात तोड, हा नियम कारखान्यांनी आपल्या वार्षिक सभेत आधीच करून ठेवला तर त्याचा उपयोग अनुदानापेक्षा जास्त होईल. दरवेळी तो मागणी म्हणून पुढे येतो आणि मोळी टाकायच्या सुमाराला विरून जातो.

पुढचा प्रश्न अवघड आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. ज्या मळईच्या रानात दर काही वर्षांनी पाणी उभं राहतं तिथं पुन्हा ऊसच का? शेतकऱ्याचं उत्तर बिनतोड आहे. ऊस हे पुराच्या पाण्यात त्यातल्या त्यात टिकणारं पीक आहे. सोयाबीन दोन-चार दिवसांत जातं, हळदीला कंदकूज लागते, भाजीचं तर नावच नको. उसाला खात्रीचं गिऱ्हाईक आहे आणि त्याच्यावर सोसायटीचं कर्ज मिळतं. पूर क्षेत्रात ऊस लावणं हा अविचार नाही, तो धोका जाणूनच केलेला हिशेब आहे. तो बदलायचा असेल तर दुसऱ्या पिकाला तितकंच कर्ज आणि तितकीच खात्री द्यावी लागेल. ते होत नाही तोवर निदान जात, लागणीची वेळ आणि सरीची दिशा यांत फरक करता येतो. कोएम ०२६५, म्हणजे फुले २६५ सारख्या पाणथळ रान सोसणाऱ्या जाती आहेत, आणि सऱ्या निचऱ्याच्या दिशेनं काढणं तर फुकट आहे.

माती गेली तर

इथवरचं सगळं भिजवणाऱ्या पुराबद्दल. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात सीनेच्या काठानं जे झालं ते दुसऱ्या जातीचं होतं. दुष्काळाशी झुंजायची सवय असलेल्या करमाळा, माढा, परांडा, भूम या भागात पुरानं पिकाबरोबर मातीही नेली. खाली मुरूम उघडा पडला. सरकारनं जाहीर केलेल्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं अशी तरतूद होती. रक्कम पुरेशी की अपुरी यावर भांडण झालं. क्रमावर कुणी बोललं नाही.

खरडलेल्या रानात लोकांनी हातात पैसा आला की आधी गाळ-माती आणून टाकायचा विचार केला, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण उघडा मुरूम बघवत नाही. पण ज्या वाटेनं माती गेली ती वाट तशीच असते. फुटलेला ओढ्याचा काठ, वाहून गेलेला बांध, तुंबलेली मोरी दुरुस्त होण्याआधी टाकलेली माती पुढच्या मोठ्या पावसात त्याच वाटेनं जाते. आधी काठ आणि बांध, मग माती, मग एक-दोन हंगाम ताग किंवा धैंचा गाडणं, आणि त्यानंतर नेहमीचं पीक. यातला पहिला टप्पा एकेका शेतकऱ्याला जमणारा नाही. ओढा दहा जणांच्या रानातून जातो. रोजगार हमीचं काम म्हणूनच शेतनिहाय न देता ओढानिहाय द्यायला हवं. प्रस्ताव शेतनिहाय मागवले जातात, कारण सातबारा शेतनिहाय असतो.

आक्षेप

पहिला आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. हे सगळं माणसाच्या अंगावर टाकलं की सरकार सुटलं. तयारी केली नाहीस, मग सोस, असं म्हणायला उद्या विमा कंपनी आणि तहसीलदार दोघेही मोकळे. हा धोका खरा आहे. पण वर ज्या पायऱ्या सांगितल्या त्यांतल्या किती एकट्या घराच्या हातात आहेत ते मोजून बघा. छावणी, तोडणीचा क्रम, निवारा कधी बंद करायचा, फोटोला पुरावा मानणं, ओढ्याचं काम, लसीचा पुरवठा. यांतली प्रत्येक गोष्ट सार्वजनिक यंत्रणेनं आपला क्रम आधी लावला तरच घराला आपला क्रम लावता येतो. मदतीचा आकडा जाहीर करणं सोपं असतं. मे महिन्यात छावणीची जागा ठरवून तिथं वैरण ठेवणं अवघड, कारण त्याची बातमी होत नाही. तेव्हा या मांडणीनं सरकारकडून मागणं कमी होत नाही, उलट वाढतं, फक्त ते ऑगस्टऐवजी एप्रिलमध्ये मागायचं असतं.

दुसरा आक्षेप असा की पूरक्षेत्रात राहायचंच कशाला. नियमाप्रमाणे निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, बांधकाम नको, आणि लाल रेषेपर्यंत, म्हणजे १०० वर्षांच्या पुरापर्यंत, निर्बंध. शहरांच्या बाबतीत हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. सांगली-कोल्हापुरात ओढे बुजवून झालेल्या प्लॉटांवर जे राहतात त्यांची फसवणूक झालेली आहे, आणि फसवणारे कधी पाण्यात उभे राहिले नाहीत. गावांचं मात्र वेगळं आहे. प्रयाग चिखलीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाल्या, तरी गाव नदीकाठीच राहिलं. कारण शेत तिथं, गोठा तिथं, नदी तिथं. घर हलवून गोठा न हलवणारं पुनर्वसन अर्धंच राहणार. सोनतळीसारख्या जागा कायमच्या वस्तीसाठी फसल्या असतील, पण जनावरांच्या हंगामी गोठ्यांसाठी आणि वैरणीच्या साठ्यासाठी त्या उपयोगी पडू शकतात, आणि तसा त्यांचा विचार व्हायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप विम्याचा. विमा असला की क्रमाची एवढी कटकट कशाला? २०२३ मध्ये सुरू झालेली एक रुपयातली पीकविमा योजना २०२५ च्या खरिपात बंद झाली आणि भरपाई पीककापणी प्रयोगाच्या सरासरीवर आली. नदीकाठच्या चार गटांतलं पीक सडलं आणि मंडळातली बाकी शेतं तरली तर सरासरी त्या चौघांना काही देत नाही. उसाला तर या योजनेत जागाच नाही. आपत्ती निवारण निधीतून मिळणारी रक्कम कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, तीही दोन हेक्टरांपर्यंत. हा आधार आहे, भरपाई नाही, आणि तो देताना सरकारही त्याला भरपाई म्हणत नाही.

ज्याचं नाव कागदावर नाही

शेवटी एक अडचण उरते, आणि क्रम लावूनही ती आपोआप सुटत नाही. नदीकाठची बरीच रानं खंडानं किंवा अर्धेलीनं कसली जातात. बियाणं, खत, मजुरी कसणाऱ्याची, सातबारा मालकाचा. पंचनाम्यात नाव मालकाचं, खात्यावर पैसे मालकाच्या. मालक भला असेल तर वाटून देतो. लेखी करार नसतो, कारण लेखी केलं तर कूळ लागेल ही धास्ती १९४८ च्या कूळकायद्यापासून गावागावांत मुरलेली आहे, आणि ती अगदीच खोटी नाही.

यावर ग्रामपंचायतीला एक करता येईल. दर पेरणीआधी कोणत्या गटात प्रत्यक्ष कोण कसतो याची नोंदवही ठेवायची, ती फक्त आपत्तीच्या मदतीपुरती ग्राह्य राहील आणि कुळाचा पुरावा म्हणून कुठेही चालणार नाही असं सरकारनं नियमात लिहून द्यायचं, आणि मालक-कसणारा दोघांच्या सह्या घ्यायच्या. अशी सही मे महिन्यात द्यायला बहुतेक मालक तयार होतील, कारण तेव्हा त्या रानावर कुठलाही पैसा आलेला नसतो.